ठराव नावाचा वाङ्मयप्रकार : अखिल भारतीय महिला परिषदेची धोरणघडण आणि ‘आम्ही’चा प्रश्न

१

साहित्याचा इतिहास लिहिताना आपण कविता, कादंबरी, नाटक, निबंध आणि आत्मचरित्र यांची दखल घेतो. सभेत मांडल्या गेलेल्या ठरावाची घेत नाही. ठराव हा कार्यालयीन कागद, त्याला शैली नसते, लेखक नसतो, आणि म्हणून त्याला वाङ्मयीन चिकित्सेची गरज नसते, असे गृहीत धरले जाते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील शिकलेल्या स्त्रियांनी एकत्रितपणे जे लिहिले, त्याचा फार मोठा भाग ठराव, निवेदन आणि साक्ष या तीन रूपांत आहे. या लेखनाने कायदे घडविले, काही वेळा ते घडू दिले नाहीत, आणि ‘भारतीय स्त्री’ म्हणजे कोण याविषयीची एक प्रतिमाही रूढ केली. ज्या मजकुराने इतके केले, त्याची भाषा कशी घडली हे तपासणे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नये.

प्रस्तुत लेखात अखिल भारतीय महिला परिषदेची १९२७ ते १९५६ या काळातील धोरणघडण या दृष्टीने समजून घेण्याचा प्रयत्न आहे. ठिकठिकाणच्या महिला मंडळांतून, समाजांतून आणि क्लबांतून उभे राहिलेले हे देशव्यापी जाळे. एखाद्या गावातील बैठकीत उच्चारली गेलेली तक्रार दिल्लीच्या विधिमंडळापर्यंत कोणत्या वाटेने जात होती, त्या वाटेवर तिच्यातील काय टिकत होते आणि काय गळून पडत होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : ठरावातील ‘ही परिषद’ जेव्हा बोलते, तेव्हा ती कोणाच्या वतीने बोलते?

आरंभी एका शब्दाविषयी. धोरणे बदलावीत म्हणून संघटितपणे केलेल्या प्रयत्नांना मराठीत एकच नेमका शब्द नाही. ‘कैवार घेणे’ म्हणताच कैवार घेणारा आणि ज्याचा घेतला जातो तो, असे दोन वेगळे पक्ष दिसू लागतात. ‘पाठपुरावा’ या शब्दात मात्र एका मागणीच्या मागोमाग सतत चालत राहणे अभिप्रेत आहे. परिषदेचे कार्य या दोन शब्दांच्या मध्ये कोठेतरी घडले. तिचा पाठपुरावा असाधारण चिकाटीचा होता. आणि जेथे ती कमी पडली, तेथे ती पाठपुराव्याकडून कैवाराकडे सरकली होती, असे पुढील विवेचनावरून दिसेल.

२

ठरावाच्या आधीचे रूप साक्षीचे आणि पुस्तिकेचे होते. मराठीपुरते बोलायचे तर १८८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. ही साक्ष मराठीत होती; आयोगाच्या अध्यक्षांनी तिचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. स्त्री-शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्रियांचे वैद्यकीय शिक्षण या रमाबाईंच्या मागण्या होत्या.

ताराबाईंच्या पुस्तिकेत बोलणारी व्यक्ती एकटी आहे, संतापलेली आहे आणि थेट पुरुषांना उद्देशून बोलते. रमाबाईंची साक्षही एकटीची आहे; पण ती शासनाला उद्देशून आहे आणि तिच्यात अनुभवाचे रूपांतर शिफारशीत झाले आहे. ठरावाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा पहिला टप्पा. ‘माझे असे झाले’ या वाक्याच्या जागी ‘असे व्हावे’ हे वाक्य येते. या बदलात मागणीला बळ मिळते, पण ती करणारी व्यक्ती हळूहळू दिसेनाशी होऊ लागते.

पुढचा टप्पा संघटनांचा. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषदेच्या निमित्ताने स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान रमाबाई रानडे यांनी भूषविले. १९१० मध्ये सरलादेवी चौधुराणी यांच्या पुढाकाराने भारत स्त्री महामंडळ निघाले, १९१७ मध्ये अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाले, आणि १९२५ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडिया ही संस्था आली.

१९१७ मधील एक प्रसंग या संपूर्ण इतिहासाची किल्ली ठरावा असा आहे. भारतमंत्री माँटेग्यू दौऱ्यावर येणार असे कळताच मार्गारेट कझिन्स यांनी स्त्रीशिक्षणाविषयी त्यांची भेट मागितली. केवळ राजकीय सुधारणांसंबंधीचीच निवेदने स्वीकारली जातील असे उत्तर आले. तेव्हा निवेदनात मताधिकाराची मागणी घालण्यात आली, आणि डिसेंबरात सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटले. स्त्रियांच्या मताधिकाराची अखिल भारतीय पातळीवरील पहिली मागणी अशा रीतीने, अर्ज स्वीकारणाऱ्याने घातलेल्या विषयमर्यादेत बसण्यासाठी लिहिली गेली. ती मागणी उसनी होती असा याचा अर्थ नव्हे. मात्र ज्याला उद्देशून मजकूर लिहिला जातो तो त्या मजकुराचा अर्धा लेखक असतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

३

परिषदेच्या जन्माची कथाही एका प्रश्नापासून सुरू होते. १९२६ मध्ये बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथ्यून महाविद्यालयात बोलताना, स्त्रियांना कोणत्या प्रकारचे शिक्षण हवे आहे हे स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे, असे आवाहन केले. त्या महाविद्यालयाच्या माजी प्राचार्या श्रीमती हायडकोपर यांनी ‘स्त्री-धर्म’ या मासिकातून हा विषय पुढे नेला. मार्गारेट कझिन्स यांनी देशभरच्या स्त्रियांना पत्रे पाठवून स्थानिक समित्या स्थापाव्यात, परिषदा भरवाव्यात आणि शिक्षणाविषयीची आपली निवेदने तयार करावीत असे सुचविले. या स्थानिक परिषदांतून आलेल्या प्रतिनिधी ५ ते ८ जानेवारी १९२७ या दिवसांत पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात एकत्र आल्या. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या.

पुण्याची निवड केवळ सोयीची नव्हती. सेवासदन आणि हिंगण्याचा आश्रम यांमुळे या शहरात स्त्रीशिक्षणाच्या संस्थांची परंपरा होती. शिवाय काही वर्षांपूर्वीच तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळावे की काय यावर नगरपालिकेत मोठा वाद झाला होता, आणि मुलींच्या बाजूने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. ठरावाच्या मागे मोर्चा असावा लागतो, हे पुण्यातील स्त्रिया आधीच शिकल्या होत्या.

परिषदेची कार्यपद्धती थोडक्यात अशी होती. देशाचे घटक विभाग पाडलेले असत आणि प्रत्येक विभागात शाखा असत. शाखेच्या किंवा विभागाच्या परिषदेत संमत झालेले ठराव स्थायी समितीकडे जात. वार्षिक अधिवेशनापूर्वी विषयनियामक समिती त्यांतून निवड करी, सारखे ठराव एकत्र करी, शब्दरचना पक्की करी. खुल्या अधिवेशनात सूचक ठराव मांडी, अनुमोदक पाठिंबा देई, उपसूचना येत, मतदान होई. ठराव संमत झाला की पाठपुराव्याचे काम सुरू होई : सरकारला पत्रे, विधिमंडळ-सदस्यांच्या भेटी, शिष्टमंडळे, समित्यांपुढील साक्षी, वृत्तपत्रांतील लेख, आणि शाखांनी एकाच सुमारास ठिकठिकाणी घेतलेल्या सभा. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात त्याचा अहवाल येई आणि काम अपुरे असेल तर ठराव पुन्हा संमत केला जाई. वार्षिक अहवाल वाचताना जाणवणारी पुनरावृत्ती ही कल्पनेची दरिद्रता नव्हे. एखाद्या ध्रुपदाप्रमाणे परत परत येणे हाच या लेखनाचा धर्म आहे.

या वाटेवर भाषाही बदलत असे. शाखांचे कामकाज मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा भाषांत चाले, अधिवेशनात देशी भाषांतील भाषणांना स्थान असे. पण अहवालातील ठराव आणि सरकारकडे जाणारे निवेदन इंग्रजीत असे. म्हणजे ठरावाचा अधिकृत पाठ बहुधा एक भाषांतर असते, आणि त्या भाषांतराचे मूळ कोठेही जपून ठेवलेले नसते. तौलनिक साहित्यात मूळ आणि भाषांतर यांच्या नात्याची पुष्कळ चर्चा होते. येथे मूळ हरवलेल्या भाषांतरांचा एक संपूर्ण संग्रह आपल्यापुढे आहे.

व्याकरणाची एक बारीक गोष्टही नोंदविण्याजोगी आहे. ठरावाचा कर्ता व्यक्ती नसून संस्था असते. इंग्रजीत त्या कर्त्याला लिंग नाही. बंगालीत क्रियापदावर लिंगाचा परिणाम होत नाही. हिंदीत ‘सम्मेलन’ हा शब्द योजला की स्त्रियांची सभा पुल्लिंगी क्रियापदाने बोलू लागते. मराठीत मात्र ‘ही परिषद विनंती करते’ असे म्हणताना संस्था स्त्रीलिंगीच राहते. या फरकातून मोठा सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही. परंतु एकाच ठरावाचा उच्चार भारतीय भाषांत वेगवेगळा ऐकू येतो आणि इंग्रजी पाठात हा भेद पुसला जातो, एवढे लक्षात ठेवावे.

४

परिषदेचे आरंभीचे क्षेत्र शैक्षणिक सुधारणेपुरते मर्यादित होते. ही मर्यादा पहिल्याच अधिवेशनात ताणली गेली. बालविवाह चालू असेपर्यंत मुलींचे शिक्षण पुढे जाणे अशक्य, म्हणून बालविवाहाचा प्रश्न शिक्षणाचाच प्रश्न आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. धोरणघडणीतील हा कळीचा डाव आहे : नव्या मागणीला जुन्या, मान्य झालेल्या मागणीची पूर्वअट म्हणून मांडणे.

१९२८ च्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्ष भोपाळच्या राजमाता सुलतान जहाँ बेगम होत्या. त्या अधिवेशनानंतर हरबिलास सारडा यांच्या विधेयकाच्या बाजूने शिष्टमंडळ व्हाइसरॉयला आणि विविध पक्षांच्या नेत्यांना भेटले. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीवर रामेश्वरी नेहरू सदस्य होत्या. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि परिषदेच्या शाखांनी साक्षीदार व निवेदने पुरविली. २८ सप्टेंबर १९२९ रोजी विधेयक संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून कायदा अमलात आला. मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरले. मूळचे विधेयक हिंदूंपुरते होते; अंतिम कायदा सर्व समाजांना लागू झाला, आणि त्याच्या समर्थनासाठी शरीफा हमीद अली यांच्यासारख्या परिषदेतील मुस्लिम स्त्रिया उघडपणे पुढे आल्या.

या यशाची दुसरी बाजू अशी की कायदा अमलात येण्यापूर्वीच्या महिन्यांत घाईघाईने असंख्य बालविवाह उरकले गेले, आणि अंमलबजावणीची यंत्रणा दुबळी राहिली. ठरावाचा शेवट कायद्यात होतो ही परिषदेची आरंभीची श्रद्धा येथे डळमळली. त्यानंतरच्या ठरावांत कायद्याच्या मागणीबरोबर त्याच्या अंमलबजावणीची आणि दुरुस्तीची मागणी येऊ लागते.

५

मताधिकाराच्या प्रश्नावर परिषदेच्या ‘आम्ही’ची पहिली मोठी कसोटी लागली. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेस बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन उपस्थित होत्या. स्त्रियांसाठी काही काळ विशेष तरतुदी असाव्यात असा त्यांचा विचार होता. १९३१ मध्ये महिला परिषद, विमेन्स इंडियन असोसिएशन आणि नॅशनल कौन्सिल या तिन्ही संस्थांनी मिळून जे निवेदन तयार केले, त्याची भूमिका वेगळी होती : प्रौढ मताधिकार हवा, आणि स्त्रियांसाठी राखीव जागा, नामनिर्देशन किंवा स्वीकृत सदस्यत्व यांपैकी काहीही नको. त्याच वर्षी मार्चमध्ये कराची येथे राष्ट्रीय सभेने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्याचा संदर्भ या भूमिकेमागे होता.

समता हवी, सवलत नको, हे सूत्र नैतिक दृष्ट्या तेजस्वी होते. पण ते कोणाला परवडणारे होते? शिकलेल्या, प्रतिष्ठित घरांतील, पक्षाचे पाठबळ असलेल्या स्त्रीला राखीव जागेची गरज भासत नव्हती. राधाबाईंचा व्यवहारी मुद्दा, म्हणजे खुल्या स्पर्धेत स्त्रिया निवडून येणार नाहीत हा, संयुक्त निवेदनात बाजूला पडला. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात स्त्रियांच्या जागांचीही धर्मानुसार वाटणी झाली, तेव्हा संघटनांनी तिचा निषेध केला. परंतु आपल्या समाजाच्या राजकीय भूमिकेपासून स्त्री म्हणून पूर्णपणे वेगळे होणे अनेक मुस्लिम सदस्यांना कठीण होते. १९३३ मध्ये संयुक्त संसदीय समितीपुढे राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी एकत्र साक्ष दिली. हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतून आलेल्या तीन स्त्रियांनी एकच निवेदन हाती घेऊन उभे राहणे हा स्वतःच एक युक्तिवाद होता. १९३५ च्या कायद्याने मात्र प्रौढ मताधिकार नाकारला, राखीव जागा ठेवल्या, आणि मालमत्ता, शिक्षण किंवा पतीची पात्रता या निकषांवर सुमारे ६० लाख स्त्रियांना मताधिकार दिला.

हा वाद १९३५ मध्ये संपला नाही. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत हंसा मेहता यांनी राखीव जागा नकोत हीच भूमिका पुन्हा मांडली. १९७४ च्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीच्या अहवालात बहुमत विधिमंडळातील राखीव जागांच्या विरुद्ध गेले, पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. पुढे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत राखीव जागा आल्या, आणि २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांसाठी १०६ वी घटनादुरुस्ती संमत झाली; तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडण्यात आली. १९३१ च्या निवेदनात जे मत गळून पडले होते, ते भिन्नमतपत्रिकेच्या रूपाने जिवंत राहिले आणि कालांतराने मुख्य पाठात आले, असे या इतिहासाचे वर्णन करता येईल. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर तळटीपेतील पाठभेदाने संहितेत स्थान मिळविले.

६

परिषद ज्यावर एकमत करू शकत नव्हती असे विषयही होते, आणि तेथे तिचे अहवाल अधिक वाचनीय होतात. डिसेंबर १९३५ मध्ये त्रिवेंद्रमच्या अधिवेशनास मार्गारेट सँगर उपस्थित होत्या. संततिनियमनाचा ठराव तेथे संमत झाला, पण ख्रिस्ती प्रतिनिधींच्या तीव्र विरोधानंतर. लक्ष्मीबाई राजवाडे यांनी हा विषय गेली काही वर्षे परिषदेत लावून धरला होता. विरोध नोंदला गेला, मतदान झाले आणि संस्था फुटली नाही. मतभेद पोटात घेऊन पुढे जाण्याची ही क्षमता परिषदेचे सामर्थ्य होते.

याच राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समितीच्या स्त्रीविषयक उपसमितीने १९३९ पासून काम केले. तिचा अहवाल १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आला. कुटुंबाऐवजी व्यक्ती हा घटक मानून स्त्रीच्या आर्थिक हक्कांचा विचार, आणि घरकामाला आर्थिक मूल्य आहे ही मांडणी, या अहवालात आढळते. १९३४ मध्ये कराची अधिवेशनाच्या सुमारास परिषदेने हिंदू स्त्रियांच्या कायदेशीर अपात्रतांच्या चौकशीसाठी आयोग मागितला होता आणि रेणुका राय यांची त्या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर १९३७ चा देशमुखांचा कायदा आला. त्याने विधवेला मर्यादित हक्क दिला, मुलीला काहीच दिले नाही. १९४१ मध्ये राव समिती नेमली गेली. १९४३ मध्ये रेणुका राय केंद्रीय विधिमंडळात नामनिर्देशित झाल्या. नामनिर्देशन नको म्हणणाऱ्या परंपरेला या वेळी नामनिर्देशनाचाच आधार घ्यावा लागला, हा उपरोध नजरेआड करता येत नाही. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडल्याने, इतर कारणांसह, डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. १९५५–५६ मध्ये ते बिल तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आली. १९३४ पासून मोजले तर हा पाठपुरावा ७१ वर्षांचा आहे.

हंसा मेहता यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९४६ मध्ये, परिषदेने भारतीय स्त्रियांच्या हक्क व कर्तव्यांची सनद तयार केली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर काम करताना त्यांनी जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ अशा अर्थाची रचना करण्याचा आग्रह धरला. ठरावांच्या शब्दांवर वर्षानुवर्षे घासाघीस करणाऱ्या परंपरेतून आलेली व्यक्तीच एका नामाचे वजन असे ओळखू शकते.

७

आता या लेखाच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे. डिसेंबर १९३७ मध्ये परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. दलित मुलींसाठी शाळा चालविणाऱ्या जाईबाई चौधरी आणि इतर दलित स्त्रिया त्यास उपस्थित होत्या. भोजनाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी स्वतंत्र सभा घेऊन या वर्तनाचा निषेध केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथामुळे हा प्रसंग मराठी वाचकांच्या स्मरणात आला. त्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘आम्हीही’मधला ‘ही’ या संदर्भात वाचावा. एका अव्ययात एका संपूर्ण संस्थेच्या ‘आम्ही’ची चिकित्सा सामावली आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध होता. त्याचबरोबर गिरणीकामगार स्त्रियांना रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे अशा मागण्याही होत्या. पहिल्या दोन बाबतींत दोन्ही परिषदा एकाच दिशेने बोलत होत्या. परंतु दलित परिषदेच्या ठरावांत श्रमाचा तपशील आहे. महिला परिषदेनेही गिरण्या व खाणींतील स्त्रियांविषयी ठराव केले होते. तेथे मात्र कामगार स्त्री ‘त्या’ या सर्वनामाने येते. नागपूरच्या १९४२ च्या ठरावांत तीच स्त्री ‘आम्ही’ आहे. पाठपुरावा आणि कैवार यांतील फरक तो हाच.

हा दोष केवळ भारतीय समाजरचनेचा मानणे योग्य होणार नाही. अमेरिकेत १८६८ मध्ये न्यूयॉर्कला ‘सोरोसिस’ हा स्त्रियांचा क्लब निघाला आणि त्याच्या पुढाकाराने १८९० मध्ये महिला क्लबांचा महासंघ स्थापन झाला. या क्लबांचा उगम साहित्यवाचनात होता. १९०४ मध्ये महासंघाच्या अध्यक्ष झालेल्या सेरा प्लॅट डेकर यांनी, डांटेला मरून शतके लोटली, आता त्याच्या नरकापेक्षा आपल्या भोवतालच्या नरकाकडे लक्ष द्यावे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. १९०६ चा शुद्ध अन्न व औषध कायदा आणि १९१२ ची बालक विभागाची स्थापना यांत या क्लबांच्या पाठपुराव्याचा वाटा होता. मताधिकाराला महासंघाने १९१४ मध्ये पाठिंबा दिला. त्याच महासंघाच्या १९०० मधील मिलवॉकी अधिवेशनात जोसेफिन सेंट पीअर रफिन यांना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्लबाच्या प्रतिनिधी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. गोऱ्या स्त्रियांच्या संस्थेच्या प्रतिनिधी म्हणून आत येण्याची मुभा होती. ती त्यांनी स्वीकारली नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्लबांची राष्ट्रीय संघटना १८९६ मध्येच स्थापन झाली होती.

मिलवॉकी आणि नागपूर यांत ३७ वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे, आणि जात व वंश या समान गोष्टी नव्हेत. तरीही दोन्ही ठिकाणी एकच रचना दिसते : सर्वांच्या नावाने बोलणारी संस्था आपल्या दाराशी आणि पंगतीत मात्र सर्वांना ओळखत नाही. दोन्ही ठिकाणी उत्तरही एकच मिळाले : वगळलेल्यांनी आपली सभा भरवली आणि आपले ठराव लिहिले.

८

ठराव आणि ललित साहित्य यांच्यातील नात्याविषयी थोडे सांगून समारोप करू. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीची कोंडी त्या कथांत आहे. त्याच वर्षी परिषदेच्या प्रतिनिधी लंडनमध्ये साक्ष देत होत्या. शिक्षणाने स्त्री स्वतंत्र होईल असे ठराव सांगत होते. शिकलेली स्त्री घरात आणि मनात कशी अडकते हे कथा सांगत होती. ठरावाला शंका परवडत नाही, कारण त्याला मतदानास सामोरे जायचे असते. कथेला शंकेवाचून चालत नाही. तेव्हा या दोहोंना परस्परविरोधी न मानता, एकाच काळातील एकाच प्रश्नाची दोन परस्परपूरक लेखने म्हणून ती शेजारी ठेवून वाचावीत. बंगालीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये आणि उर्दूतही त्या काळच्या स्त्रियांच्या कथा व संस्थांचे अहवाल असे जोडीने वाचता येतील, आणि बहुभाषिक भारतात हे काम एका भाषेच्या विभागाने एकट्याने करण्यासारखे नाही.

अशा वाचनाची पद्धत कोणती असावी, हे वरील विवेचनातून सुचते. ठरावाचा केवळ अंतिम पाठ न वाचता त्याच्या उपसूचना आणि भिन्नमते वाचावीत. कोणाला उद्देशून तो लिहिला आहे हे पाहावे. त्याच्या इंग्रजी पाठामागील देशी भाषेचा माग काढावा. आणि सर्वनामांवर लक्ष ठेवावे. १८८२ च्या ‘मी’पासून १९२७ च्या ‘ही परिषद’पर्यंत आणि तेथून १९३८ व १९४२ च्या ‘आम्ही’पर्यंतचा प्रवास हा स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास तर आहेच, तो एका गद्यप्रकाराचाही इतिहास आहे. परिषदेचे कर्तृत्व मान्य करूनही हे सांगितले पाहिजे की तिच्या ठरावांतील सर्वांत कठीण शब्द ‘मताधिकार’ किंवा ‘वारसाहक्क’ नव्हता. कर्त्याच्या जागी असलेले ते छोटे सर्वनाम सर्वांत कठीण होते, आणि ते लिहिण्याचा अधिकार पंगतीतील वागणुकीने सिद्ध करावा लागतो.